मागची भिंत लहान का होत नाही?

वास्तुरेखाटन शिकवणाऱ्या माझ्यासारख्या व्यक्तीला एक प्रश्न फार वेळा विचारला जातो. डोळ्यांना दिसते तसे पर्स्पेक्टिव्ह काढता येत असताना, आणि आता तर संगणक ते क्षणात काढून देत असताना, तुम्ही अजून समांतर कडा समांतरच ठेवून काढलेल्या अ‍ॅक्सोमेट्रिकचा आग्रह का धरता? ते धड नकाशा नाही आणि धड चित्रही नाही; घर वाकडे दिसते आणि मागची भिंत पुढच्या भिंतीएवढीच राहते. विद्यार्थी हे विचारतात, तसे घर बांधायला निघालेली कुटुंबेही विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे म्हणणे थोडक्यात असे की, कागद सपाट आहे ही गोष्ट अ‍ॅक्सोमेट्रिक कधीच लपवत नाही आणि त्याचे सगळे बळ त्यातच आहे.

एक साधी खोली घेऊ: ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच. १:५० या प्रमाणात तिचा प्लॅन (वरून पाहिलेला आराखडा) म्हणजे ६ सेंटिमीटर बाजूचा चौरस. हा प्लॅन ड्रॉइंग बोर्डवर ४५ अंशांत वळवून चिकटवायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर लावायचा आणि प्रत्येक कोपऱ्यातून सेट स्क्वेअरने सरळ वर ६ सेंटिमीटरची रेघ काढायची. वरची टोके जोडली की खोली उभी राहते. या सगळ्यात प्लॅनला जराही धक्का लागत नाही. जमिनीवरचा काटकोन काटकोनच राहतो, गोल खांबाचे वर्तुळ वर्तुळच राहते आणि पट्टी लावली तर लांबी, रुंदी, उंची ही तिन्ही मापे एकाच प्रमाणात मोजता येतात. उभ्या भिंतीवरचे तिरपे अंतर मात्र असे मोजता येत नाही, ही मर्यादा पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी लागते.

दुसरी अडचण लगेच समोर येते. त्या चौरसाचा कर्ण सुमारे साडेआठ सेंटिमीटर भरतो आणि पुढच्या कोपऱ्यातून निघालेली रेघ त्यातले ६ सेंटिमीटर चढून जाते. पुढच्या दोन भिंती भरीव काढल्या, तर खोलीची ९० टक्क्यांहून अधिक जमीन त्यांच्यामागे झाकली जाते. शिवाय पुढचा आणि मागचा कोपरा एकाच उभ्या रेषेवर येतात. म्हणून कोणी प्लॅन ३०-६० अंशांत वळवतो, कोणी पुढच्या भिंती कमरेच्या उंचीवर कापतो, तर कोणी छप्पर उचलून वर हवेत ठेवतो. काही जण उंची तीन-चतुर्थांश करतात, कारण पूर्ण उंचीच्या भिंती डोळ्यांना वाजवीपेक्षा उंच वाटतात. मला ही तडजोड पटत नाही. ज्या मापासाठी हे रेखाटन काढायचे, तेच माप हातचे सोडण्यात काय हशील?

आता वाकडेपणाची तक्रार. छायाचित्रांना सरावलेली आपली नजर दूर जाणाऱ्या कडा एकमेकींजवळ येतील अशी अपेक्षा ठेवते. त्या समांतरच राहिल्या की त्या फाकत चालल्या आहेत असे वाटते आणि मागची बाजू मोठी भासते. पर्स्पेक्टिव्हमध्ये बघणारा एका ठरावीक जागी उभा असतो आणि सारी इमारत त्याच्या डोळ्याच्या हिशेबाने लहानमोठी होते. अ‍ॅक्सोमेट्रिकमध्ये बघणाऱ्याला अशी जागाच नसते. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये आयसोमेट्रिकची (याच समांतर रेखाटनाच्या एका प्रकाराची) पद्धत शास्त्रशुद्धपणे मांडली, तिच्यामागची गरज अगदी व्यवहारातली होती: व्याख्यानात दाखवायची यंत्रे सुट्या भागांतून पुन्हापुन्हा जोडावी लागत आणि मदतनिसांना कोणता भाग कुठे बसतो हे कागदावरून नेमके कळायला हवे होते. आयसोमेट्रिकमध्ये तिन्ही दिशांना सारखा न्याय मिळतो, पण त्यासाठी प्लॅनचा चौरस समभुज चौकोनात दाबला जातो आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. वास्तुविशारदांचा जीव प्लॅनमध्ये असतो, त्यामुळे प्लॅन शाबूत ठेवणारा वर सांगितलेला प्रकार त्यांना अधिक जवळचा वाटला.

यंत्रशाळेतली ही पद्धत कलेच्या ऐन मध्यभागी आली ती १९२३ मध्ये. त्या वर्षी पॅरिसमध्ये लेओन्स रोझेनबर्ग यांच्या गॅलरीत थिओ फान डूसबुर्ख आणि कॉर्नेलिस फान एस्टेरेन या दोन डच सहकाऱ्यांनी घरांची अ‍ॅक्सोमेट्रिक रेखाटने मांडली. लाल, निळे, पिवळे, करडे पृष्ठभाग हवेत तरंगत एकमेकांना काटकोनात भेटतात. दर्शनी बाजू कोणती आणि मागची कोणती, हे ठरवायला ते चित्र नकार देते. पर्स्पेक्टिव्हमध्ये हे साधलेच नसते, कारण तिथे जवळची भिंत आपसूक मोठी आणि महत्त्वाची होते. रशियन चित्रकार एल लिसिट्स्की यांनी १९२५ मधल्या एका निबंधात पर्स्पेक्टिव्हच्या बंदिस्त अवकाशावर टीका केली. त्यांच्या प्रोऊन नावाच्या अमूर्त चित्रांतला एखादा ठोकळा आपल्याकडे येतो आहे की आत जातो आहे, हे कितीही वेळ पाहिले तरी नक्की होत नाही. कागदावर खोलपणा आहे आणि नाहीही, ही दुहेरी स्थिती त्यांनी उणीव न मानता सामग्री मानली, याचे मला फार मोल वाटते.

या प्रश्नाच्या तळाशी सर्वांत खोल गेले ते न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये दीर्घकाळ शिकवणारे वास्तुविशारद जॉन हेजडक. १९६० च्या दशकात, डच चित्रकार मोंड्रियान यांच्या कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरस चित्रांचा माग घेत, त्यांनी चौरस प्लॅन ४५ अंशांत फिरवलेल्या घरांची मालिका रेखाटली. सरळ ठेवलेल्या चौरसाचे ४५ अंशांतले अ‍ॅक्सोमेट्रिक घनाकृती दिसते. पण मुळातच फिरवलेल्या चौरसाला पुन्हा ४५ अंश फिरवले की त्याची कड कागदाच्या कडेला समांतर होते आणि मग घडते ते विलक्षण असते. आपल्या त्याच खोलीवर हे करून पाहा. ६ सेंटिमीटरचा चौरस सरळ ठेवा आणि कोपऱ्यांतून ६ सेंटिमीटर उंची वर न्या. बाजूच्या दोन्ही भिंती केवळ रेघा होऊन नाहीशा होतात. पुढची भिंत जमिनीवर तंतोतंत बसते, छप्पर तिच्या डोक्यावर चौरसाच्या रूपात येते आणि कागदावर उरतो ६ बाय १२ सेंटिमीटरचा एक आयत व त्याच्या मध्यावर एक आडवी रेघ. ती रेघ छपराची पुढची कड आहे आणि जमिनीची मागची कडही तीच आहे. प्रत्यक्षात या दोन कडांमध्ये ३ मीटर उंची आणि ३ मीटर खोली आहे. कागदावर केसाएवढेही अंतर नाही. तरीही प्रत्येक माप खरे आहे. अनेक मजले चढवले तर ते एकमेकांवर सरकवलेल्या पत्त्यांसारखे दिसतात. नियम कुठेही मोडलेला नसताना इमारत संपूर्ण सपाट होते, हे हेजडक यांनी दाखवून दिले. सपाटपणा आणि खोली यांच्यात केवळ एका कोनाचे अंतर आहे, हे मी तरी त्यांच्याकडूनच शिकले.

बघण्याची दिशा उलटीही करता येते. फ्रेंच इतिहासकार ओग्युस्त श्वाझी यांनी १८९९ च्या आपल्या स्थापत्य-इतिहासात खालून वर पाहणारी अ‍ॅक्सोमेट्रिक चित्रे छापली. प्लॅन, सेक्शन (उभा छेद) आणि घुमटाचा आतला भाग त्यांत एकत्र वाचता येतो. पुढे ब्रिटिश वास्तुविशारद जेम्स स्टर्लिंग यांनी ऑक्सफर्डच्या फ्लोरी बिल्डिंगसाठी तोच कोन निवडला. आपल्याकडे मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांत गालिचा वरून पाहिल्यासारखा अखंड आणि महिरप समोरून पाहिल्यासारखी एकाच चौकटीत नांदतात. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या आपल्या संगथ कार्यालयाचे चित्र त्याच धाटणीत करून घेतले. ती चित्रे अ‍ॅक्सोमेट्रिक नव्हेत, तिथे मोजपट्टी चालत नाही. परंतु बघणाऱ्याला एका जागी खिळवून न ठेवण्याची वृत्ती ओळखीची आहे.

राहिला संगणक. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये समांतर प्रक्षेपणाचा पर्याय असतो, पण कॅमेरा तिरका केला की प्लॅन दाबला जातो आणि त्यातला काटकोन जातो. प्लॅन अभंग ठेवणारे अ‍ॅक्सोमेट्रिक हवे असेल, तर सबंध मॉडेलला मुद्दाम तिरपी ओढ द्यावी लागते आणि ती कुठल्या दिशेने व किती द्यायची, हे हाताने काढलेल्याला चटकन कळते. रस्त्यावरून घर कसे दिसेल, हे कुटुंबाला दाखवायला मी पर्स्पेक्टिव्हच देते, त्याबद्दल माझा वाद नाही. जिना माळ्याच्या कोणत्या बाजूला निघतो आणि वरची मोरी खालच्या स्वयंपाकघरावर येते का, असा विषय निघाला की मात्र अ‍ॅक्सोमेट्रिकच पुढे ठेवते. आणि विद्यार्थ्यांना एकाच खोलीची तीन रेखाटने करायला लावते: एक ४५ अंशांत, एक ३०-६० मध्ये आणि एक शून्य अंशांत. तिन्ही कागद शेजारी-शेजारी लावले की पुढचे बोलणे सोपे जाते.