कोळी आलाच नाही, पण घोंगडी आली

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही, त्यामुळं मागच्या रविवारी कूलरमध्ये पाणी भरलं, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या (आमच्याकडं दुसरं काही कमी पडेल, चादरी नाही) आणि नेटफ्लिक्सवर 'आउटलॉ किंग' लावला. २०१८ चा पिक्चर, लिस्टमध्ये कधीचा पडून होता. स्कॉटलंडचा जुना राजा रॉबर्ट ब्रूस, त्याच्यावर आहे एवढंच माहीत होतं, आणि रॉबर्ट ब्रूस म्हटलं की मला एकच गोष्ट आठवते, गुहेत लपलेला हरलेला राजा आणि पडून पडून परत जाळं विणणारा कोळी. शाळेत बाई ही गोष्ट गणितात नापास झालेल्यांना समोर उभं करून सांगायच्या आणि मी जवळजवळ दर चाचणीला समोरच असायचो.

तर सांगून टाकतो, पिक्चरमध्ये कोळी नाही. ते कोळ्याचं प्रकरण ब्रूस मेल्यावर कितीतरी शतकांनी वॉल्टर स्कॉट ह्या लेखकानं फेमस केलं.

सुरुवात मात्र जबरदस्त आहे. १३०४ साल, स्टर्लिंगच्या किल्ल्याला वेढा, तंबूत मेणबत्त्या, स्कॉटिश सरदार एकेक करून इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डसमोर गुडघे टेकतायत, मग ब्रूस आणि एडवर्डचा पोरगा बाहेर तलवारी खेळतात, परत आत, परत बाहेर, आणि हे सगळं सात-आठ मिनिटं एकाच शॉटमध्ये, कट म्हणून नाही. शेवटी वॉरवुल्फ नावाचं दगड फेकायचं अवाढव्य यंत्र किल्ल्यावर मारा करतं. यातली खरी गंमत अशी की किल्ल्यातले लोक शरण यायला तयार होते, पण एवढं मोठं यंत्र बनवलंय तर चालवून बघितल्याशिवाय शरणागती घेणार नाही म्हणून राजा अडून बसला. हे इतिहासात आहे, मी घातलेलं नाही.

इथं अण्णा येऊन बसले. अण्णा म्हणजे आमचे वडील, सगळी नोकरी लूमवर गेली, त्यामुळं टीव्हीवर काही लावलं की आधी कापड बघणार. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे राजे लोक घोंगडी पांघरून का फिरलालेत बे?"

आणि खरंच की. आपल्याला राजा म्हटलं की जरी, कलगी, मोत्याच्या माळा, आणि इथं राजा चिखलात, केस विस्कटलेले, अंगावर जाड लोकर, बघितलं तर सांगोल्याच्या बाजारातून आत्ताच आलाय असं वाटावं. क्रिस पाइन ब्रूस झालाय, बोलतो कमी, नुसता बघत असतो, आणि पहिला तासभर मला वाटत होतं की ह्याला राजा व्हायचंच नाहीये. ते मला आवडलं पण. कारण ब्रूस आधी एडवर्डच्या बाजूनं होता, मग विरोधात, मग परत शरण, म्हणजे आपल्याकडच्या सरदारांसारखंच, आज विजापूर, उद्या दिल्ली.

मग १० फेब्रुवारी १३०६, डम्फ्रीजचं चर्च, आणि ब्रूस गादीचा दुसरा दावेदार जॉन कॉमिन ह्याला आतच भोसकतो. देवाच्या दारात खून! पिक्चर ह्यावरून फार पटकन पुढं जातो, मला वाटतं हिरो आहे म्हणून सांभाळून घेतलंय. पुढच्या महिन्यात २५ मार्चला स्कोनला राज्याभिषेक आणि जूनमध्ये मेथव्हनला ब्रूसच्या छावणीवर इंग्रजांचा रात्री हल्ला, सगळं संपल्यात जमा. राजा झाल्यावर तीन महिन्यांत राजा जंगलात.

बायकांचं जे झालं ते बघून आई पण भाकरी थापायची सोडून दारात येऊन उभी राहिली. ब्रूसची बायको एलिझाबेथ (फ्लोरेन्स प्यू, काय काम केलंय) पकडली जाते आणि पिंजऱ्यात घालून किल्ल्याच्या बाहेर टांगतात. खरं तर पिंजरा तिच्या वाट्याला आला नव्हता, तिचा बाप एडवर्डच्या जवळचा सरदार, म्हणून तिला नजरकैदेत ठेवलं. पिंजऱ्यात घातलं ते ब्रूसची बहीण मेरी हिला आणि इझाबेला मॅकडफला, जिनं ब्रूसच्या डोक्यावर मुकुट ठेवला होता. इझाबेलाला बेरिकला चारेक वर्षं तसंच ठेवलं. पिक्चरवाल्यांनी हिचं दुःख उचलून तिला दिलं, हिशोब सोपा झाला, पण इझाबेलावर अन्याय झाला असं माझं मत. ब्रूस आणि एलिझाबेथच्या लग्नाची तारीख पण सरकवलीय, ते १३०२ ला झालेलं, इथं शरणागतीनंतर एडवर्ड जुळवून देतो असं दाखवलंय. आई म्हणाली, "म्हणजे सोयरीक करून बांधून ठेवायचं." बरोबरच आहे, आपला भुईकोट किल्लाच चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून निजामशाहीतून आदिलशाहीत गेला होता, आपल्याला हे काय नवीन आहे.

पिक्चरमधली शेवटची लढाई लाउडन हिलची, मे १३०७. माणसं कमी, समोर चिलखती घोडेस्वार, मग ब्रूसनं काय केलं तर दोन्हीकडं दलदल असलेली जागा निवडली आणि वाटेच्या बाजूनं चर खणून मैदानच अरुंद करून टाकलं. घोडे आले की थेट भाल्यांवर. हे बघताना मी उंबरखिंड उंबरखिंड म्हणून ओरडलो, १६६१ ला कारतलबखानाला असंच चिंचोळ्यात घेतलं होतं की. पण मग पिक्चरनं शेवटी माती केली. इंग्लंडचा राजपुत्र तिथं येतो आणि ब्रूसशी चिखलात कुस्ती खेळतो! तो त्या लढाईत नव्हताच, सेनापती एमर द व्हॅलन्स होता. आणि म्हातारा एडवर्ड लढाईआधी मेलेला दाखवलाय, तो मेला जुलैत. व्हिलनला हिरोच्या हातून मार खाताना दाखवलंच पाहिजे असा नियम बॉलिवूडचा असतो असं मी समजत होतो.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पिक्चर १३०७ लाच संपतो, आणि आपल्यासारख्या गडकिल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला जे बघायचंय ते त्यानंतर सुरू होतं. पुढच्या सात वर्षांत ह्या लोकांनी एकेक किल्ला असा घेतलाय की काय सांगू. पर्थच्या खंदकात स्वतः राजा गळ्यापर्यंत पाण्यात उतरून पुढं गेला. फेब्रुवारी १३१४ मध्ये रॉक्सबर्गला ब्रूसचा सरदार जेम्स डग्लस आणि त्याची माणसं अंधारात काळी घोंगडी पांघरून रांगत रांगत तटापर्यंत गेली, पहारेकऱ्यांना वाटलं कुणाची तरी गुरं मोकळी सुटलीयत. पुढच्याच महिन्यात एडिनबरा, तीसेक माणसं रात्री सरळ कडा चढून वर, वाट दाखवणारा कोण तर असा एक गडी जो पूर्वी त्या किल्ल्यात राहायचा आणि रात्री मैत्रिणीला भेटायला त्याच कड्यावरून खाली उतरायचा. सिंहगड आठवतो, कोंडाजी फर्जंदचा पन्हाळा आठवतो, तो पण साठच माणसांत.

फक्त एक गोष्ट मला अजून पचत नाही. एवढ्या जिवावर उदार होऊन घेतलेले किल्ले ब्रूस पाडून टाकायचा. ठेवला तर इंग्रज परत येऊन आत बसणार, आणि आत शिबंदी ठेवायला माणसं कुठून आणायची, मग नकोच किल्ला. डोक्याला पटतं, पण आपल्याकडं गड घेतला की आधी डागडुजी, धान्य, दारूगोळा, हवालदार, सबनीस, कारखानीस. सुरुंग लावून पाडायचा विचार पण सहन होत नाही. आपल्या भुईकोटाचा एखादा चिरा निखळलेला दिसला तरी मी दोन दिवस बडबडत असतो.

त्यानंतर जून १३१४ ला ब्रूसनं बॅनकबर्नची लढाई जिंकली आणि एलिझाबेथ सुटली, आठ वर्षांनी.

हे सगळं मी रात्री जेवताना अण्णांना सांगितलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर. गुरांचा भाग आला तेव्हा ते हसून हसून ठसकले, पाणी द्यावं लागलं.

"हे दाखवलंच नाही की रे. दुसऱ्या पार्टमध्ये आहे काय?"

"दुसरा पार्ट नाही, अण्णा."

"मग घोंगडी दिलीच कशाला त्यांना," असं म्हणून हात धुवायला उठले.