तासभरच हवा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि यापुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच वाचायला देणार आहे. “मालिशसाठी वेळ कुठून काढायचा?” दहा मिनिटं काढा. तासभराची सवड शोधणाऱ्यांना ती मिळालेली मी पाहिलेली नाही. तासाच्या आत मालिश होत नाही, असं पूर्वी मीच ठासून सांगायचे. सबंध अंगाबद्दल आजही तेच म्हणेन. पण तुमची तक्रार तर मान-खांद्याची असते!

पाठ टेकून बसा. डाव्या खांद्याला उजवा हात. डावं कोपर उशीवर टेकवा. ते लोंबतं राहिलं तर खांद्याचा स्नायू हाताचं ओझं पेलत ताठच राहतो. अर्धा चमचा तेल पुरे, जास्त झालं की बोटं घसरतात. आधी दोन मिनिटं नुसता तळहात फिरवा, मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत. मग गाठ शोधा, म्हणजे स्नायूतली ताठ, दुखरी जागा.

बिघडतं ते इथे. गाठ लागली की लोक अंगठा रोवतात, दात आवळतात आणि म्हणतात, “दुखतंय म्हणजे लागू पडतंय.” नाही पडत. फार दुखलं की स्नायू आवळून घेतो. तुम्ही जोर वाढवता, तो आणखी आवळतो. दुसऱ्या दिवशी खांदा ठणकतो, अंगठ्याचा सांधाही धरतो, आणि नाव मालिशचं खराब. दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाऊ देऊ नका. तीन बोटं जुळवून दाब हळूहळू वाढवा, 20 ते 30 सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. श्वास रोखला गेला तर दाब जास्त झाला. याहून चांगलं माप माझ्याकडे नाही. गाठ ‘फोडायची’ नसते, फुटणारं तिथे काही नसतंच. सैल पडली तर पुढे सरका, नाही पडली तरी सरका. मणक्याच्या हाडावर दाब नको. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर तर मुळीच नको, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात.

पायांनाही मालिश करायचं असेल तर पोटऱ्या घोट्याकडून गुडघ्याकडे चोळा. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मात्र हात लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तळव्यांना तेल लावलंत तर पुसूनच उठा.

जुनी पाठदुखी याने जाईल, असं मी म्हटलेलं नाही. आलेला सैलपणा फार टिकत नाही, म्हणून तर रोज करायचं. आणि टेकवलेल्या हातात मोबाइल घेतलात तर मान पुन्हा वाकलीच.