फ्रेंच जेवण जेवावे ते कामाच्या दिवशी, दुपारी

पुण्यात मुंबईच्या बीकेसीसारखा एकच एक व्यापारी भाग नाही. कचेऱ्या सेनापती बापट रस्त्यावर आहेत, बाणेर-बालेवाडीत आहेत, खराडी आणि मगरपट्ट्यातही आहेत. पण बाहेरगावच्या पाहुण्याला दुपारी चांगल्या ठिकाणी जेवायला न्यायचे ठरले, की गाडी बहुधा कोरेगाव पार्क किंवा कल्याणीनगरकडेच वळते. फ्रेंच जेवण देणारी, किंवा निदान तसे म्हणवणारी, उपाहारगृहे मुख्यतः याच पट्ट्यात आहेत. माझे ऑफिसही याच भागात असल्यामुळे तेथे अधूनमधून जाणे होते, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: हे जेवण शनिवारी रात्री मेणबत्तीच्या उजेडात जेवण्यापेक्षा मंगळवारी-बुधवारी दुपारी जेवलेले केव्हाही बरे.

फ्रान्समध्ये दुपारचे जेवण ही नोकरदारांचीच गोष्ट आहे. पॅरिसच्या पश्चिमेला ला देफाँस नावाचा, उंच इमारतींचा, 1958 पासून उभा राहत गेलेला व्यापारी भाग आहे. अशा भागांतल्या साध्या उपाहारगृहांच्या दारात खडूने लिहिलेला फळा असतो: आधीचा एक पदार्थ आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड, अशी जोडी एका ठरावीक किमतीत. या जेवणासाठी नोकरदारांना कुपने मिळतात, त्यांचा काही भाग मालक भरतो, आणि ही पद्धत तिथे 1967 पासून आहे. त्याहून मजेशीर म्हणजे कामाच्या जागी बसून जेवायला तिथल्या कामगार नियमांनी मनाई केलेली आहे. करोनाच्या काळात, 2021 मध्ये, ती तात्पुरती शिथिल करावी लागली. कीबोर्डशेजारी डबा उघडून एका हाताने ई-मेल पाहणारे आपण सगळे तिथे नियमभंगाचे आरोपी ठरलो असतो. आपल्याकडच्या मोजक्याच ठिकाणी असा ठरावीक किमतीचा सेट लंच मिळतो, पण जिथे मिळतो तिथे तेच स्वयंपाकघर आणि तोच शेफ रात्रीच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत आपल्या वाट्याला येतात.

मात्र खरी अडचण पैशांची नाही, ती क्रमाची आहे. युनेस्कोने 2010 मध्ये फ्रेंच भोजनपद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा त्यात कोणताही एक पदार्थ निवडला नव्हता. आधीचा पदार्थ, मग मासा किंवा मांस भाज्यांसह, मग चीज आणि शेवटी गोड, अशा किमान चार टप्प्यांनी एकत्र बसून जेवण्याच्या रीतीला तो मान होता. गंमत अशी, की ही रीत फ्रेंचांची मूळची नव्हे. पूर्वी त्यांच्या श्रीमंती मेजवान्यांत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच मांडले जात, आपल्या वाढलेल्या ताटासारखे. एकामागून एक पदार्थ आणण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रशियन वाढपावरून तिथे रुजली, कारण पदार्थ गरम असताना तोंडात पडावा हे तिने साधले.

पुण्यात नेमके हेच निसटते. कल्याणीनगरच्या एका ठिकाणी, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही चौघे बसलो होतो. सूप येऊन चमचा उचलतो न उचलतो तोच मासा आला, त्याच्या पाठोपाठ ग्रातँ, म्हणजे लसूण चोळलेल्या भांड्यात साईत शिजवलेले बटाट्याचे काप, आले, आणि टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायलाही जागा उरली नाही. माशावरचा लोण्याचा सॉस बघता बघता फुटला. तूप वर आणि आंबट पाणी खाली. लोणी, व्हाइट वाइन आणि व्हिनेगर यांचा हा सॉस कोमट उष्णतेवरच एकजीव राहतो, जास्त तापला किंवा गार पडला तर तुटतो. विचारल्यावर वेटर अदबीने म्हणाला, “सर, ऑफिसच्या लोकांना घाई असते, म्हणून एकदमच आणतो.” त्याचेही चूक नव्हते. तेव्हापासून बसतानाच सांगतो, “दादा, सूप संपल्याशिवाय पुढचे काढू नका, आम्हाला तासभर वेळ आहे.” एवढ्या एका वाक्याने जेवण सुधारते, असा अनुभव आहे.

जागा चांगली की नुसती दिखाऊ हे ओळखण्यासाठी मी कांद्याचे सूप मागवतो. त्यात लपवायला जागा नसते. उभा, पातळ चिरलेला कांदा लोण्यात मंद आचेवर पाऊण तास ते तासभर परतून तपकिरी व्हावा लागतो. घाई केली तर कडा करपतात आणि आत कचवट राहतो, साखर घालून रंग आणला तर पहिल्याच घोटात जिभेला कळते. वर शेकलेला पाव आणि ग्रुयेर चीज ठेवून वाडगा भट्टीत जातो. नीट झालेल्या सूपवरचे चीज चमच्याने दाबले की आधी किंचित विरोध करते, मग कडेने फाटते, आणि त्या फटीतून वाफ वर येते. ज्या ठिकाणी ट्रफलच्या, म्हणजे एका महागड्या भूछत्राच्या, वासाचे तेल प्रत्येक पदार्थावर शिंपडलेले असते, तिथे हे सूप बहुधा पातळ आणि गोड निघते, आणि मग पुढे काही मागवण्याचा माझा उत्साह राहत नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र याच सूपबद्दल आधी विचारावे, कारण मुळात ते गोमांसाच्या अर्कात होते. आपल्याकडे ते बहुधा चिकनच्या किंवा भाज्यांच्या पाण्यात करतात, पण मेन्यूवर तसे लिहिलेले असतेच असे नाही. ग्रातँ किंवा दक्षिण फ्रान्समधल्या नीसकडचे वांगी-टोमॅटोचे रातातुई हे निर्धोक. ब्रिटनी प्रांतातले कुट्टूच्या पिठाचे गॅलेत नावाचे धिरडे ऐकायला उपवासाचे वाटते, पण त्यावर बहुधा अंडे फोडलेले असते. आमच्या ऑफिसातल्या एक ज्येष्ठ ताई अंडेही खात नाहीत. कीश या खाऱ्या पायच्या सारणात अंडे असणारच, हे त्यांना दरवेळी कुणीतरी सांगावे लागते.

काही गोष्टी इथे मिळणारच नाहीत, त्यांची हळहळही धरू नये. बदकांना जबरदस्तीने खाऊ घालून फुगवलेल्या त्यांच्या यकृताच्या, म्हणजे फुआ ग्राच्या, आयातीवर भारताने 2014 मध्ये बंदी घातली. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्यामुळे स्टेक म्हणून येते ते म्हशीचे असते आणि बुर्गुन्य या फ्रेंच प्रांताच्या पद्धतीच्या, मूळच्या गोमांसाच्या रश्श्यात बहुतेक ठिकाणी मटण पडते. मला ते वाइनमध्ये संथ शिजलेले मटण मूळच्या मांसाहून कमी वाटत नाही. परदेशी वाइनवरच्या शुल्कामुळे पेल्याची किंमत पाहून पाणीच बरे वाटते. त्यापेक्षा नाशिकची घ्यावी. फेसाळत्या वाइनचे तर नाते जवळचेच आहे: आपल्या नारायणगावात 1980 च्या दशकातच फ्रेंच तंत्राच्या मदतीने ती तयार होऊ लागली होती.

बिलाबद्दल थोडेसे. फ्रान्समध्ये मेन्यूवरच्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात, आणि पाव व नळाचे पाणी फुकट येते. इथे पावाच्या टोपलीचे वेगळे पैसे लागू शकतात, म्हणून ती आपण मागवली होती की आपसूक आली, हे पाहावे. साध्या उपाहारगृहात वर 5 टक्के जीएसटी असतो, महागड्या तारांकित हॉटेलात 18 टक्के. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच बजावले आहे. तो काढून मागायला संकोच वाटायचे कारण नाही, वेटरला टिप हातात द्यावी.

कॉफी गोडाबरोबर मागवू नये, नंतर मागवावी. आणि टेबल सांगताना शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात हे फोनवरच विचारून ठेवावे, कारण अडीचनंतर भट्टी बंद झालेली असली तर सूपवरचे चीज कोणी तापवून देत नाही.