अकरा माणसं, एक भट्टी

इचलकरंजीला गेले की हा प्रश्न ठरलेला. "तुमच्या कंपनीत माणसं अकरा, आणि काम म्हणे क्षेपणास्त्रांचं. एवढ्याशा कंपनीला अमेरिकेचं सरकार काम देतंच कसं?" मामांनी तर आडपडदा न ठेवता विचारलं, "का गं, कुणाची ओळख लागते काय?"

ओळख लागत नाही. अर्ज लागतो, आणि तो बहुतेक वेळा नाकारला जातो. ज्या योजनेतून पैसे येतात तिचं नाव एसबीआयआर, म्हणजे 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च'. गावाकडे हे नाव काढलं की सगळ्यांना स्टेट बँकच आठवते, त्यामुळे हल्ली मी 'सरकारी योजना' एवढंच म्हणते. १९८२ साली तिकडे कायदा झाला. ज्या केंद्रीय खात्यांचं बाहेरून संशोधन करून घेण्याचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा ५०० किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. पुढे हा हिस्सा वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. (मी शिकले ते इचलकरंजीचं डीकेटीई कॉलेजसुद्धा १९८२ सालचंच. संबंध काही नाही, उगाच आठवलं.)

क्षेपणास्त्र आमच्या हाती कुणी देत नाही. आम्हाला मिळतो एक प्रश्न: ध्वनीच्या पाचपट वेगाने हवेतून जाणाऱ्या वस्तूची पुढची धार वितळू नये, झिजून तिचा आकारही बदलू नये, यासाठी काय करता येईल? पहिल्या टप्प्यात सहा-आठ महिने आणि दोन लाख डॉलरच्या आसपास रक्कम. कल्पनेत दम आहे एवढं दाखवायचं. दुसऱ्या टप्प्यात साधारण दोन वर्षं आणि दहा लाखांच्या पुढे. मोठ्या कंपनीला एवढ्या रकमेसाठी बैठक बोलावणंसुद्धा परवडत नसेल. आमचे त्यात पगार निघतात. आणि कल्पना फसली तर अहवालात 'फसली' असं लिहून मोकळं होता येतं.

आता काम. कार्बनचे धागे २००० अंशांच्या वरही ताकद टिकवतात, पण हवा लागली की पाचशेच्या आसपासच जळायला लागतात. म्हणून त्यांच्याभोवती सिलिकॉन कार्बाइड नावाचं सिरॅमिक भरायचं. ते तापलं की पृष्ठभागावर काचेसारखा थर धरतं आणि बारीक भेगा स्वतःच बुजवतं. साधारण सोळाशे-सतराशे अंशांच्या पुढे त्याचाही टिकाव लागत नाही. तिथून झिर्कोनियम आणि हाफ्नियम या धातूंच्या संयुगांचा प्रांत सुरू होतो, आणि खर्चाचाही.

भरायचं कसं, तर कार्बनचं कापड थरावर थर रचायचं, त्यात राळेसारखा द्रव मुरवायचा आणि आर्गॉन वायूत हजारेक अंशांना भाजायचं. द्रवाचा बराच भाग वायू होऊन निघून जातो, उरतो तो सिलिकॉन कार्बाइड बनताना आकसतो, सगळीकडे छिद्रं पडतात. मग पुन्हा मुरवा, पुन्हा भाजा. सहा वेळा, आठ वेळा, कधी दहा वेळा. तरी थोडी छिद्रं राहतातच. माझी अर्धी नोकरी छिद्रं बुजवण्यात गेली आहे.

भट्टी तापवायची ती मिनिटाला अंश-दोन अंश अशा चालीने. एकदा अहवालाची तारीख जवळ आली होती. आम्ही चाल दुप्पट केली. 'आम्ही' म्हणजे मीच, बाकीचे नको म्हणत होते. आतल्या वायूला वेळेत वाट मिळाली नाही. सकाळी झाकण उघडलं तर पाटीचे पापुद्रे सुटलेले, शिळ्या खारीसारखे. तीन महिन्यांचं कापड, द्रव आणि झोप त्या ट्रेमध्ये पडली होती. अहवालात एक वाक्य लिहिलं आणि पुन्हा कापड कापायला बसलो.

खरी अडचण मात्र भट्टीत नसते. दुसरा टप्पा संपला की योजनेचा पैसा संपतो. पुढे कुणी तरी विकत घ्यायला हवं, आणि विमान-क्षेपणास्त्रवाल्यांना नवं साहित्य स्वीकारायला वर्षानुवर्षं चाचण्या लागतात. तेवढा काळ अकरा जणांनी खायचं काय? आम्ही भट्टी भाड्याने देतो, दुसऱ्यांचे नमुने भाजतो, नवे अर्ज लिहितो. काही कंपन्या तर अर्ज लिहिण्यातच तरबेज होऊन बसतात. त्यांचं बाजारात काहीच येत नाही, तरी चालू असतं. माझ्या मते हा योजनेतला सगळ्यात मोठा दोष आहे. तो बोलून दाखवला की आमच्याच लोकांना राग येतो.

घरच्यांना कामातलं काही दाखवता येत नाही. निर्यातीचे नियम कंपनीतल्या परदेशी माणसालाही लागू होतात, आणि ते इतके कडक, की ग्रीन कार्ड येईपर्यंत कंपनीतल्या निम्म्या कामांना मलाच हात लावता येत नव्हता. अकरा वर्षं मी बाजूच्या खोलीत साध्या व्यापारी ऑर्डरी सांभाळल्या. नमुना खिशात घालून इचलकरंजीला नेणं तर सोडाच.

आप्पांना ते पटत नाही. चाळीस वर्षं यंत्रमाग चालवलेला माणूस, कापड बघितल्याशिवाय बोलत नाही. गेल्या खेपेला कोल्हापुरात गाड्या मॉडिफाय करणाऱ्या एका मुलाकडून कार्बनच्या कापडाचा वीतभर तुकडा मागून आणला. आमच्या कामाचा नव्हे, बॉनेटला लावतात तसला. त्यांना सांगितलं, की या धाग्यालाही सायझिंग, म्हणजे खळीसारखा थर, असतो; आमच्याकडे भाजण्याआधी तो जाळून टाकावा लागतो. सायझिंग म्हटल्यावर आप्पा सरळ बसले. तुकडा चिमटीत चोळला, कडेचे सुटे धागे ओढून बघितले, कपाटातून इंचातले उभे-आडवे धागे मोजायचं भिंग काढलं.

"आणि हे जाळून टाकता?" बराच वेळ बघून म्हणाले. "बरं. रीड-पीक किती?"