अमळनेर ते बव्हेरिया : माझं स्वयंसेवेचं वर्ष

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी जर्मनीतल्या ‘बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट’साठी अर्ज केला. नाव लांबलचक, काम सरळ : वृद्धाश्रम, इस्पितळ, बालवाडी अशा ठिकाणी साधारण वर्षभर सेवा. सक्तीची लष्करभरती थांबली तेव्हा, २०११ मध्ये, ही योजना सुरू झाली. आपल्याकडच्या मुलांनाही ती खुली आहे. पगार नाही, हातखर्च, विमा आणि बऱ्याच ठिकाणी राहणं-जेवण मिळतं.

आजी म्हणाली, “तठे जाईसन म्हातारासनी सेवा करशी, मंग आठे मन्हा पाय कोन दाबी?”

एका एजंटाने लाखांत आकडा सांगितला. एजंट लागतच नाही. वृद्धाश्रमांना थेट मेल लिहायचे. बहुतेकांचं उत्तर येत नाही, ते मनाला लावून घेऊ नका. मुलाखत जमली की करार होतो, त्यावर तिथल्या केंद्रीय कार्यालयाची सही होते, आणि तोच व्हिसाचा मुख्य कागद. माझ्याकडे बी-१ पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतपत जर्मन मागितली. परीक्षा पुण्याला मॅक्समुल्लर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेत दिली. खरा घोळ नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे गायब. पासपोर्टच्या आधीच सगळे कागद एकसारखे करा, नाहीतर खान्देश एक्स्प्रेसने मुंबईच्या फेऱ्या ठरलेल्या.

अर्जासोबतच्या पत्रात ‘संस्कृतींची देवाणघेवाण’ वगैरे लिहू नका. अर्धांगवायू झालेल्या आजोबांची कूस बदलणं, त्यांना भरवणं मी घरी केलंय, असं मी लिहिलं. मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच आले.

बव्हेरिया या जर्मन राज्यातल्या एका गावच्या वृद्धाश्रमात मला काम मिळालं. तिथे रात्रीचं जेवण थंडच : ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं. खान्देशी जिभेला शिक्षाच! एका संध्याकाळी नवा पाव आला. एका आजीबाईंनी तो उलटा केला, सुरीच्या टोकाने बुडाशी तीन क्रूस काढले आणि मगच कापला. जेवण झाल्यावर ओल्या बोटाने ताटलीतला चुरा टिपून खाल्ला. १९४६-४७ च्या हिवाळ्यात त्या शाळकरी पोर होत्या. महायुद्धानंतरच्या त्या उपाशी दिवसांबद्दल त्या तुटक तुटक बोलल्या. मी त्यांना १९७२ चा दुष्काळ सांगितला : माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी व्हायच्या. आजही सांडलेला दाणा ती कपाळाला लावून उचलते. आजीबाईंनी एवढंच विचारलं, “त्या भाकरीची चव कशी होती?” मला सांगता येईना.

देव वेगळा, पाव वेगळा, पण अन्नाशी वागणं तेच. हे मला कुठल्याही सेमिनारमध्ये कळलं नसतं, आणि या योजनेत सेमिनार तर वर्षाला २५ दिवस असतात.

सगळंच जुळलं असं नाही. तिथे म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय शिरायचं नाही, कुठला स्वेटर घालायचा तेही त्यांनाच विचारायचं. आपल्याकडे सेवा भरपूर, पण विचारत कोणी नाही. आजोबांना अंघोळ कधी हवी, हे घरात आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं.