एक घर नावावर, एक एलएलसीत: आमची वाटचाल

घरं भाड्याने देण्याचा व्यवसाय आम्ही ठरवून सुरू केला नाही. न्यू जर्सीत 2012 साली राहायला घेतलेलं टाउनहाउस, मोठ्या घरात गेल्यावर विकायच्या ऐवजी भाड्याने दिलं, एवढंच. आता अशी दोन घरं आहेत. हिशेब मी बघते, दुरुस्त्या नवरा बघतो. पहिलं घर आमच्या दोघांच्या नावावर आहे आणि दुसरं एलएलसीच्या, म्हणजे मालकांची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीच्या. असं अर्धं-अर्धं का, हे ओळखीतले लोक हमखास विचारतात.

पहिल्या घरात भाडेकरू आला तेव्हा जो तो सांगू लागला, एलएलसी काढा, उद्या कोणी जिन्यावरून पडलं तर राहतं घर जाईल. एलएलसी काढणं इथे अवघड नाही: नोंदणीचे 125 डॉलर, मग दरवर्षी अहवालाचे 75. अडचण मॉर्गेजची होती. घराची मालकी बदलली तर बँक सगळी बाकी एकदम मागू शकते, अशी अट बहुतेक करारांत असते आणि 1982 च्या फेडरल कायद्याने बँकांचा तो हक्क पक्का केलेला आहे. आपलीच एलएलसी असली तरी कायद्याने ती वेगळी मालक. 1 जून 2016 पासून फॅनी मेने (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेने) विकत घेतलेल्या कर्जांना, एलएलसी मूळ कर्जदाराच्याच ताब्यात असेल तर, या अटीतून सवलत मिळते. आमचं कर्ज त्याच्या आधीचं. हप्ते वेळेवर येत असले की बँका सहसा चौकशी करत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण इतकं स्वस्त तीस वर्षांचं कर्ज बँकेच्या मर्जीवर टांगून ठेवायची माझी तयारी नव्हती.

म्हणून पैसे विम्यात घातले. लँडलॉर्ड पॉलिसी आणि तिच्यावर दहा लाख डॉलरची अम्ब्रेला, म्हणजे मूळ पॉलिसीची मर्यादा संपली की पुढचं देणारा जादा विमा. (भाड्याच्या घरांना दायित्व विमा 2022 च्या कायद्यापासून इथे सक्तीचाच आहे, साधारण पाच लाखांचा.) एलएलसी असली तरी विमा लागतोच, कारण वकिलाची फी आणि भरपाई विमा कंपनी देते, एलएलसी नाही.

शिवाय आमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्यांना एलएलसीचं कवच अपुरं पडतं. पायऱ्यांवरचा बर्फ नवराच काढतो, नळही तोच बदलतो. त्यात त्याचा निष्काळजीपणा ठरला, तर घर कोणाच्याही नावावर असो, दावा त्याच्यावर व्यक्तिशः लागू शकतो. निव्वळ मालक म्हणून येणारी जबाबदारी मात्र एलएलसीच्या मालमत्तेपुरती राहते. तीही हिशेब वेगळे ठेवले तरच. भाडं घरखात्यात घेऊन त्यातून किराणा भरणाऱ्याला कोर्टात हा बचाव टिकवणं कठीण जातं.

दुसरं घर आम्ही सरळ एलएलसीच्या नावानेच घेतलं. मालकी बदलण्याचा प्रश्नच नव्हता, आणि एका घराच्या दाव्यात दुसरं ओढलं जाऊ नये असं आता वाटत होतं. कर्ज महाग पडलं. वर बँकेने दोघांची वैयक्तिक हमी लिहून घेतली. हप्ते थकले तर बँक आमच्याच दारात येणार.

एलएलसीने कर वाचतो असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. घराच्या इमारतीचा घसारा दोन्हीकडे तोच, साडेसत्तावीस वर्षांचा. वाढतं ते कागदकाम. एकच सदस्य असता तर भाडं स्वतःच्याच कर विवरणपत्राच्या नेहमीच्या शेड्यूल ई वर गेलं असतं. आम्ही दोघं सदस्य, आणि न्यू जर्सीत टेक्सास किंवा कॅलिफोर्नियासारखा पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेचा कायदा नाही. त्यामुळे भागीदारीचा फॉर्म 1065, तोही 15 मार्चच्या आत. सीपीएची (हिशेबनिसाची) त्याची फी राज्याच्या 75 डॉलरपेक्षा कितीतरी जास्त आहे. भाडेकरूला काढायची वेळ आली तर एलएलसीला वकील करावाच लागतो. पहिल्या घरासाठी आम्ही स्वतः कोर्टात उभे राहू शकतो.

सध्या तिसरं घर बघतोय. ते याच एलएलसीत घालावं असं माझं मत, कारण वर्षाला दोन-दोन 1065 मला नकोत. नवरा म्हणतो, मग दोन घरं एकमेकांच्या दाव्यात अडकणारच. मुद्दा त्याचा बरोबर आहे, पण फॉर्म भरायचे मला आहेत.