बाबांना या वयात रेडिएशन झेपेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी रेडिएशनचा डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणारी गोष्ट बहुतेकदा अशीच असते. वडील ७८ वर्षांचे. काही वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे एक किडनी काढली, घरच्यांनी विषय मिटला असं धरलं, आणि आता त्याच जागी पुन्हा गाठ. ‘डॉक्टर, झेपेल का त्यांना?’ हे विचारलं जातं तेव्हा वडील शेजारच्याच खुर्चीत असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

किडनीचा कॅन्सर चिवट असतो. दहा वर्षांनीसुद्धा डोकं वर काढतो. फुप्फुसात, हाडात, दुसऱ्या किडनीत, कधी जुन्याच जागी. त्यात कुणाची हयगय झालेली असतेच असं नाही.

हा कॅन्सर रेडिएशनला दाद देत नाही, असंही तुम्ही ऐकलं असेल. मीही तेच शिकलो होतो. रोज २ ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) आसपास डोस द्यायचा, काही आठवडे. या पेशी झालेली इजा दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी भरून काढायच्या. आता अगदी नेम धरून, मोजक्या वेळांत, प्रत्येक वेळी कितीतरी मोठा डोस देता येतो. त्याला स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या ७० रुग्णांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं ऑपरेशन करणं शक्य नव्हतं, धोक्याचं होतं किंवा त्यांनाच ते नको होतं. निम्मे तर सत्त्याहत्तरीला पोचलेले किंवा तिच्यापुढचे. ४ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला एकाच वेळी २६ ग्रे, त्याहून मोठीला तीन वेळांत मिळून ४२. वर्षभरात एकाचीही ती गाठ पुन्हा वाढली नाही.

पण हा आकडा मी घरच्यांपुढे लगेच ठेवत नाही. त्या गाठी पहिल्यांदाच झालेल्या होत्या आणि किडनी जागेवर होती. तुमच्या वडिलांची किडनी काढल्यावर पोटातली ती जागा मोकळी राहिलेली नाही, आतडी सरकून तिथे बसली आहेत. गाठीला चालणारा डोस आतड्याला चालत नाही, जखम होऊ शकते. म्हणून स्कॅनवर माझा सगळा वेळ गाठ आणि आतडं यांच्यातले मिलिमीटर मोजण्यात जातो. अंतर कमी असेल तर डोस उतरवायचा, जास्त वेळांत विभागायचा, आणि अगदीच चिकटलेलं असेल तर हा मार्ग सोडून औषधांचा विचार करायचा. गाठ हळू वाढत असेल आणि हृदय आधीच थकलेलं असेल, तर काही महिने नुसतं स्कॅन करत राहणं हाही उपाय आहे. तो ऐकून घरचे नाराज होतात.

उरलेली किडनी एकटीच आहे, तिलाही जपायचं असतं. किडनीसाठी रक्तात तपासतात ते क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. म्हातारपणी स्नायू घटतात, त्यामुळे तो आकडा खरा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. जीएफआर बघा, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते तो आकडा.

तुम्ही ज्याला झेपणं म्हणता, त्यात वयाचा नंबर फार खाली लागतो. मशीनखाली दुखत नाही. पुढचे काही आठवडे थकवा येतो, कधी मळमळ होते. अंगात किरण राहत नाहीत, नातवंडं खुशाल मांडीवर बसू देत. अडतं ते भलत्याच ठिकाणी. श्वासाबरोबर गाठ वर-खाली होते, म्हणून पोटावर पट्टा बांधतात किंवा थोडा वेळ श्वास रोखायला सांगतात, आणि हात डोक्यावर घेऊन बराच वेळ निश्चल पडून राहायचं असतं. ते जमलं पाहिजे.

तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली की पुन्हा चेहरे पडतात. ही गाठ आकसते ती फार सावकाश, महिने जातात, कधी वर्ष. ‘वाढली नाही’ असं मी म्हणालो, तर ती चांगली बातमी समजा.

एकदा असाच मुलाशी बोलत होतो. दहाएक मिनिटांनी मी वडिलांकडे वळलो आणि त्यांनाच विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला काय वाटतं?’

ते म्हणाले, ‘गाठीचं तुम्ही बघाल. माझा उजवा खांदा आखडलाय, हात कानाच्या वर जात नाही. त्याचं काय करायचं ते आधी सांगा.’